कोशिंबिरीची कृती आणि तिची कारणे

विज्ञानाच्या मासिकात पाककृतींच्या पुस्तकांवर टीकालेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर सरळ आहे. मराठी घरांत प्रयोगाची कृती सांगणारे जे पुस्तक खरोखर हाताळले जाते, पानांना तेलाचे डाग पडेपर्यंत हाताळले जाते, ते पाककृतींचेच. त्यात साहित्याची यादी असते, प्रमाण असते, कामांचा क्रम असतो आणि निष्पत्ती तपासण्याची सोय तर ताटातच असते. आपल्या प्रयोगवहीतले बहुतेक रकाने तेथे भरलेले असतात. एकच रकाना सहसा रिकामा असतो, तो म्हणजे कारणाचा.

या लेखात आम्ही ताज्या कोशिंबिरी, सॅलड आणि रोजच्या भाज्या यांपुरते पाहणार आहोत. मिठाया आणि पक्वान्ने रोज होत नाहीत. काकडी, गाजर, कोबी आणि मोडाची मटकी मात्र जवळजवळ प्रत्येक घरात येते. शिवाय याच पदार्थांविषयी पुस्तके, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि शाळेतले आरोग्याचे तक्ते सर्वांत जास्त उपदेश करतात. तो उपदेश कितपत टिकतो, हे तपासणे शिक्षकाचे काम आहे.

मापे आली, कारणे राहिली

मराठीतील छापील पाकशास्त्राची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० सालचे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाली आणि तिने अनेक पिढ्यांना स्वयंपाक शिकवला. 'रुचिरा'चे यश केवळ चवीचे नाही. वाटी आणि चमचा ही घरात असलेलीच मापे घेऊन तिने पदार्थाचे प्रमाण बांधून दिले. ज्या मुलीजवळ शिकवायला कोणी वडीलधारे नाही, तिलाही तोच पदार्थ पुन्हा तसाच करता यावा, ही त्यामागची दृष्टी होती. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला त्याच रीतीने करता आला पाहिजे, ही विज्ञानाची पहिली अट. ती या पुस्तकाने स्वयंपाकघरात आणली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आमची तक्रार यापुढची आहे, आणि ती कोणा एका पुस्तकाविषयी नसून या संपूर्ण लेखनप्रकाराविषयी आहे. 'मीठ आयत्या वेळी घालावे', 'मोहरी फेसून घ्यावी', 'झाकणावर पाणी ठेवून वाफ आणावी' अशा सूचना वर्षानुवर्षे छापल्या जातात. त्या बहुतेक बरोबर असतात. पण का, हे सांगितले जात नाही. त्यामुळे सूचना पाळणाऱ्याला ती केव्हा मोडली तरी चालेल आणि केव्हा मोडू नये, हे कळत नाही. आणि जेथे कारण दिले जाते तेथे ते बहुधा 'पौष्टिक असते' किंवा 'जीवनसत्त्वे टिकतात' एवढ्यावर आटोपते. कोणते जीवनसत्त्व, किती, कशामुळे टिकते, हे प्रश्न उरतातच.

मिठाची सूचना

काकडीच्या कोशिंबिरीपासून सुरुवात करू. एका ठिकाणी वाचायला मिळते की काकडी कोचून मीठ लावून ठेवावी आणि सुटलेले पाणी पिळून काढावे. दुसऱ्या ठिकाणी लिहिलेले असते की मीठ अगदी पानावर वाढायच्या वेळीच घालावे. नवख्या माणसाने कोणते ऐकावे?

दोन्ही सूचना बरोबर आहेत, कारण दोहोंचे हेतू वेगळे आहेत. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. ते पेशींमध्ये कोंडलेले असते आणि त्याच्या दाबामुळेच काकडी करकरीत लागते. बाहेर मिठाचे तीव्र द्रावण तयार झाले की पेशीपटलातून पाणी बाहेर येते. हेच परासरण. दाब गेला की फोड मऊ पडते. दह्यातली कोशिंबीर पातळ होऊ नये म्हणून पाणी आधी काढून टाकायचे. दाण्याचे कूट घातलेली खमंग काकडी करकरीत हवी म्हणून मीठ शेवटी घालायचे. हे एक वाक्य पुस्तकात आले असते तर दोन सूचनांतला विरोध राहिला नसता. पिळून काढलेल्या पाण्यातून पोटॅशियमसारखी खनिजे आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जातात, म्हणून ते मोरीत न ओतता थालीपिठाच्या पिठात घालावे, हेही त्याच कारणातून आपोआप निघाले असते.

वर्गात परासरण शिकवताना बटाट्याच्या वाटीत साखर घालण्याचा प्रयोग सगळेच करतात. काकडीचा प्रयोग अधिक विचार करायला लावतो. सारख्या वजनाची किसलेली काकडी दोन गाळण्यांत घ्यावी, एकीला मीठ लावावे, दुसरी तशीच ठेवावी, आणि वीस मिनिटांनी खाली जमलेले पाणी मोजावे. बिनमिठाच्या गाळणीखालीही पाणी जमलेले दिसेल. ते कोठून आले? किसणीने फाटलेल्या पेशींतून ते सरळ गळाले. त्यात परासरणाचा संबंध नाही. दोन्ही पाण्यांतला फरक हेच मिठाचे काम. तुलनेसाठी दुसरी गाळणी ठेवली नसती तर सगळे पाणी आपण मिठाच्या खात्यावर मांडले असते. नियंत्रित प्रयोग कशासाठी लागतो, हे याहून स्वस्तात शिकवता येणार नाही.

एकच मोहरी, दोन स्वभाव

मोहरी फोडणीत तडतडली की खमंग लागते, तिखट लागत नाही. तीच मोहरी पाण्यात फेसून केळ्याच्या कोशिंबिरीत घातली की नाकात झणका जातो. दोन्ही कृती पुस्तकांत शेजारी शेजारी असतात, पण त्यांची गाठ कोणी घालून देत नाही.

मोहरीच्या दाण्यात तो झणका तयार स्वरूपात नसतोच. सिनिग्रिन नावाचे संयुग आणि मायरोसिनेज नावाचे विकर दाण्यात वेगवेगळ्या ठिकाणी असतात. दाणा चिरडला आणि पाणी मिळाले की ती दोन एकत्र येतात आणि अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट हे उग्र, उडून जाणारे द्रव्य बनते. तापलेल्या तेलात विकर निकामी होते, मग झणका कोठून येणार? चार वाट्यांत हे दाखवता येते. पहिलीत मोहरीची कोरडी पूड, दुसरीत पूड आणि थंड पाणी, तिसरीत पूड आणि उकळते पाणी, चौथीत आधी तेलात तडतडवून मग वाटलेली मोहरी. दहा मिनिटांनी हाताने वारा घेऊन वास घ्यावा. वाटी थेट नाकाशी नेऊ देऊ नये. दुसऱ्या वाटीचा वास इतरांहून वेगळा आहे, हे मुलांना सांगावे लागणार नाही. विकर म्हणजे काय, त्याला पाणी का लागते, उष्णतेने त्याचे काय होते, हे सगळे पाठ्यपुस्तकातील प्रकरण येथे चार वाट्यांत बसते.

'कच्चे ते चांगले' या वाक्याची तपासणी

आता ज्या वाक्याशी आमचे खरे भांडण आहे त्याकडे वळू. 'भाज्या शिजवल्याने त्यांतील जीवनसत्त्वे नष्ट होतात, म्हणून त्या कच्च्या खाव्यात', हे विधान आरोग्याच्या तक्त्यांवर, सॅलडच्या पुस्तकांच्या प्रस्तावनांत आणि निबंधांत इतके रुळले आहे की ते तपासावे असे कोणाला वाटत नाही. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे. आणि वर्गात शिकवलेले अर्धवट विधान मुलांच्या मनात पूर्ण सत्य म्हणूनच राहते.

क जीवनसत्त्वाविषयी ते बरेचसे खरे आहे. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने व हवेने त्याचा नाश होतो. पण म्हणून कच्ची कोशिंबीर सुरक्षित असे समजू नये. काकडी, कोबी यांसारख्या भाज्यांत क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण करणारे विकर असते. भाजी अखंड असते तोवर ते आवरलेले असते. चिरले, किसले की मोकळे होते. सकाळी किसून दुपारी खाल्लेली कोशिंबीर कच्चीच असते, पण तिच्यातील क जीवनसत्त्व बरेच कमी झालेले असते. लिंबाच्या आम्लाने हा नाश मंदावतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात तो वाढतो, शिवाय आम्लात तांबे उतरते ते निराळेच. म्हणजे 'कच्चे' या शब्दापेक्षा 'ताजे' हा शब्द अधिक महत्त्वाचा आहे.

प्रमाणाचाही विचार हवा. १०० ग्रॅम काकडीत क जीवनसत्त्व सुमारे ३ मिलिग्रॅम, कोबीत सुमारे ३५ आणि पेरूत २०० च्या वर असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोजची शिफारस पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम अशी ठरवली. हे आकडे शेजारी ठेवले की 'काकडीतून भरपूर क जीवनसत्त्व' हे वाक्य आपोआप गळून पडते. काकडी खावी, ती पाण्यासाठी, तंतूंसाठी आणि मुख्य म्हणजे आवडते म्हणून.

गाजराची गोष्ट उलटी आहे. त्यातील बीटा-कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. हे द्रव्य पाण्यात नव्हे, तर स्निग्ध पदार्थांत विरघळते, आणि कच्च्या गाजरात ते पेशींच्या चिवट भित्तिकांमागे अडकलेले असते. शिजवल्याने, बारीक किसल्याने आणि सोबत तेल असल्याने ते अधिक प्रमाणात शोषले जाते. भाजीतील सहा भाग बीटा-कॅरोटिनपासून एक भाग अ जीवनसत्त्व मिळते, असा हिशेब पूर्वी धरत. २००१ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तो बारास एक असा सुधारला. तेलात विरघळवलेल्या शुद्ध बीटा-कॅरोटिनसाठी मात्र हेच प्रमाण दोनास एक धरले जाते. भाजीच्या पेशीतून ते सुटून येणे किती अवघड आहे, हे या दोन आकड्यांतील अंतरावरून कळते.

२००४ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पालक, लेट्यूस, टोमॅटो आणि गाजर यांचे सॅलड काही जणांना तीन वेळा देण्यात आले: एकदा बिनतेलाच्या मसाल्यासह, एकदा ६ ग्रॅम आणि एकदा २८ ग्रॅम तेल घालून. बिनतेलाचे सॅलड खाल्ल्यावर रक्तात कॅरोटिन वर्गातील द्रव्यांची वाढ जवळजवळ आढळली नाही. तेलाबरोबर ती वाढत गेली. यात भाग घेणारे केवळ सात जण होते, हेही विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे. पण दिशा स्पष्ट आहे. वजन कमी करण्यासाठी तेलाचा थेंबही न घालता कच्चे गाजर चावणाऱ्याच्या पदरात त्याला वाटते त्याहून कमी पडते. आपल्या कोशिंबिरीतले दाण्याचे कूट येथे उपयोगी पडते, कारण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मा भाग स्निग्ध असतो.

आणि काही भाज्या कच्च्या खायच्याच नसतात. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. राजम्यात एक विषारी प्रथिन असते; ते नाहीसे करण्यासाठी राजमा भिजवून चांगला उकळावा लागतो, नुसते मोड आणून भागत नाही. दुधीचा प्रश्न तर जिवाशी गाठ घालणारा आहे. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखादे फळ कडूजहर निघते. कच्च्या दुधीचा रस आरोग्यदायी म्हणून पिण्याची पद्धत पसरली. २०१० साली दिल्लीत असा कडू रस प्याल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सल्ला दिला की रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा, कडू लागला तर फेकून द्यावा, आणि रस पिऊन त्रास झाल्यास ताबडतोब रुग्णालयात जावे. 'कडू तेवढे औषधी' ही समजूत येथे घातक ठरते. नैसर्गिक आणि कच्चे म्हणजे निर्धोक, असे मोघम शिकवण्याचे परिणाम असे होतात.

झाकणावरचे पाणी

शिजवण्याची पद्धत अर्थातच महत्त्वाची आहे. फळभाजीच्या कृतीत 'झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ आणावी' असे असते. कारण मात्र नसते. झाकणावरच्या पाण्यामुळे झाकण गार राहते, भाजीची वाफ त्याला लागून थिजते आणि थेंब होऊन पुन्हा भाजीत पडते. त्यामुळे भाजी वरून पाणी न घालता शिजते, आणि ओतून टाकायला पाणीच उरत नसल्याने क जीवनसत्त्व व फोलेट वाहून जात नाही. पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकणे ही खरी नासाडी, शिजवणे नव्हे.

याउलट एक सूचना आम्हांला साफ नापसंत आहे: भाजी हिरवीगार राहावी म्हणून चिमूटभर सोडा घालणे. सोड्याने रंग टिकतो हे खरे, कारण आम्लात हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि भाजी शेवाळी दिसते. सोडा ते आम्ल मारतो. पण त्याच सोड्याने क आणि ब१ ही जीवनसत्त्वे झपाट्याने नष्ट होतात आणि भाजीचा लगदा होतो. रंगासाठी पोषण द्यायचे का, हा निर्णय वाचकाचा; पण तो घेता यावा म्हणून ही किंमत कृतीत लिहिलेली हवी.

मोडांचा इतिहास आणि मोडांचा धोका

मोड आलेल्या कडधान्यांचे कौतुक प्रत्येक पुस्तकात असते. ते किती खरे आहे हे युद्धाच्या इतिहासात पाहायला मिळते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा येथे ब्रिटिश-हिंदी फौज डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ वेढ्यात अडकली. ही सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन. तीत मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी संपली आणि हिंदी सैनिकांत स्कर्व्हीची मोठी साथ पसरली. गोऱ्या सैनिकांना घोड्याच्या ताज्या मांसातून थोडे क जीवनसत्त्व मिळत होते. अनेक हिंदी सैनिकांनी ते मांस बराच काळ नाकारले. त्याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगवर प्रयोग करून दाखवले की कोरडी कडधान्ये स्कर्व्ही रोखू शकत नाहीत, पण तीच भिजवून मोड आणल्यास रोखू शकतात. डाळीचे पोते आणि पाणी जवळ असताना औषधही जवळच असते, हे ज्ञान वेढ्यातल्या सैनिकांपर्यंत पोहोचले नव्हते.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू २०११ सालची. जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय या जिवाणूचा एक घातक प्रकार पसरला. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. दाणा रुजायला ऊब आणि ओल लागते, जिवाणूंनाही तेच लागते. म्हणून लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे यांना मोड वाफवूनच द्यावेत. त्यात काही क जीवनसत्त्व जाईल, ते उसळीवर वरून पिळलेल्या लिंबाने भरून येईल, आणि लिंबामुळे कडधान्यातील लोहही अधिक शोषले जाईल. आपल्याकडे उसळ शिजवून, वर लिंबाची फोड देऊन वाढतात, ही पद्धत त्या दृष्टीने चांगली आहे. कच्च्या मोडांच्या 'हेल्थ सॅलड'ची कृती छापणाऱ्यांनी धोक्याची एक ओळ जोडायला हवी.

कोबी आणि अफवा

कच्च्या भाजीचा विषय निघाला की कोबीतील अळी मेंदूत जाते, ही गोष्ट कोणीतरी सांगतेच. काही घरांनी त्यामुळे कोबी आणणे बंद केले आहे. कोबीवर दिसणारी हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची असते. ती मेंदूत जात नाही. मेंदूत गाठी होतात त्या डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे. ज्याच्या आतड्यात हा कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेतून ही अंडी बाहेर पडतात. सांडपाणी, उघड्यावरची घाण आणि न धुतलेले हात यांच्यामार्फत ती कोणत्याही भाजीवर पोहोचू शकतात, आणि मांस न खाणाऱ्यालाही हा रोग होऊ शकतो. म्हणजे दोष कोबीचा नसून शौचालय, पाणी आणि हात यांचा आहे. कोबी टाकून दिल्याने हा रोग टळत नाही.

धुण्याविषयीही असेच. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने किडे वर येतील, पण तेवढ्याने जंतू मरत नाहीत. भाजी चिरण्याआधी, वाहत्या पाण्याखाली, हाताने चोळून धुवावी. कोबीची बाहेरची पाने काढून टाकावीत. पाण्याचा भरवसा नसेल तर शिजवूनच खावी. चिरल्यावर धुतले तर जीवनसत्त्वे पाण्यात जातात आणि सालीवरची घाण सुरीने आधीच आत पोहोचलेली असते.

पूर्वजांना सगळे ठाऊक होते काय?

येथवर वाचून कोणी म्हणेल, लिंबू, कूट, फोडणी, वाफ, हे सगळे आपल्या आजीला ठाऊकच होते. या म्हणण्याला आमचा आक्षेप आहे. आजीला काय ठाऊक होते याचा आदर करावा, पण जे ठाऊक नव्हते ते तिच्या नावावर घालू नये. कूट घातले ते चवीसाठी. त्याने कॅरोटिन शोषले जाते हे नंतर कळले. काकडीचा देठाकडचा भाग कापून चकती गोल घासण्याची रीतही घ्या. कडू द्रव्य देठाकडे आणि सालीलगत अधिक असते, म्हणून तो तुकडा कापण्याला अर्थ आहे. घासून येणाऱ्या फेसाबरोबर उरलेल्या काकडीतला कडूपणा निघतो, याला मात्र भक्कम पुरावा नाही. एकाच रीतीत अर्धे टिकणारे आणि अर्धे न टिकणारे असू शकते. सगळे स्वीकारणे किंवा सगळे हसण्यावारी नेणे, दोन्ही सोपे, निवडणे अवघड.

प्रमाणाचा प्रश्न येथेही आहेच. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात असे सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. पानात डाव्या बाजूला वाढलेली चमचाभर कोशिंबीर वजनकाट्यावर ठेवून पाहावी. परंपरेने कोशिंबीर दिली, पण तोंडी लावण्यापुरती दिली.

कृती कशी लिहावी?

तक्रार करून थांबणे योग्य नाही, म्हणून गाजराच्या कोशिंबिरीची कृती आम्हांला हवी तशी लिहून पाहतो.

दोन मध्यम गाजरे चोळून धुवावीत, मग खरवडावीत (आरोग्य: माती आणि जंतू आत जाऊ नयेत). जेवणाआधी थोडाच वेळ किसावीत (पोषण आणि चव: क जीवनसत्त्व टिकते, कीस सुकत नाही). लगेच अर्धे लिंबू पिळावे (चव, शिवाय नाश मंदावतो आणि जेवणातील लोह शोषायला मदत होते). दोन चमचे दाण्याचे कूट आणि चमचाभर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी घालावी (चव: हिंगाचा स्वाद तेलात उतरतो, पोषण: कॅरोटिनला स्निग्धता मिळते). दोन्ही नको असल्यास एक ठेवावे, पण दोन्ही गाळू नयेत. चवीला साखर (केवळ चव, नसली तरी चालते). मीठ वाढताना घालावे (चव: पाणी सुटू नये).

कृती चार ओळींनी लांबली, पण आता ती वाचणारा माणूस लिंबू नसेल तर कैरी घालू शकतो, कूट नसेल तर खोबरे वापरू शकतो, कारण काय कशासाठी आहे हे त्याला कळले आहे.

शिक्षकांनी हाच उपक्रम वर्गात करून पाहावा. प्रत्येक विद्यार्थ्याने घरून एका भाजीची किंवा कोशिंबिरीची कृती लिहून आणावी आणि प्रत्येक सूचनेपुढे चव, पोषण, आरोग्य किंवा रूढी यांपैकी एक शब्द लिहावा. जेथे ठरवता येणार नाही तेथे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि ते सोडवण्यासाठी प्रयोग सुचवावा. कृती मुलांनी घरी विचारून आणावी, आणि मुलग्यांनीही आणावी. पाकपुस्तके शंभर वर्षे 'गृहिणी'ला उद्देशून लिहिली गेली, त्यामुळे घरातील निम्मी माणसे या प्रयोगशाळेत फिरकलीच नाहीत. विज्ञानाच्या तासाने तरी हा भेद पाळू नये.

पाककृतीच्या पुस्तकांनी आपल्याला काय करावे हे उत्तम शिकवले. ते ऋण मोठे आहे. पुढच्या आवृत्त्यांत कारणाचा रकाना भरला जाईल तेव्हा जाईल. तोवर तो भरण्याचे काम वर्गातल्या मुलांना द्यावे. कडू दुधीचा रस नाकातोंड दाबून गिळायचा की फेकून द्यायचा, कोबीला भ्यायचे की हात धुवायचे, असे प्रश्न त्यांच्याच घरात उद्या येणार आहेत.